हात लहान, ब्रेक लांब!

मुलांनो, वर्गात मी नेहमी सांगते, ‘चूक झाली की कबूल करावी.’ आज माझी पाळी!

माझी भाची पाचवीत आहे. गेल्या दिवाळीत तिला तिच्या दादाची सायकल मिळाली. दादा ताडमाड वाढला, त्याला ती पुरेना. जाड टायरची, गिअरची, डोंगरात चालवायची सायकल आणि दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक! स्वारी एकदम खूश. पण उतार आला की ती खाली उतरायची आणि सायकल हातात धरून चालायची.

‘‘आत्या, ब्रेक लागत नाही गं.’’

‘‘लागतो की! जोरात दाब. घाबरट कुठली!’’

दोनदा हे ऐकल्यावर तिसऱ्यांदा ती उतरलीच नाही. आमच्या साताऱ्यात उतारांना काय तोटा? वळणावर ती थेट वाळूच्या ढिगात गेली. गुडघा सोलवटला, तेवढ्यावरच निभावलं. रडत रडत ती एकच म्हणत होती, ‘‘मी दाबला होता गं!’’

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलवाल्या काकांकडे गेलो. मी म्हटलं, ‘‘ब्रेक तपासा.’’ त्यांनी ब्रेक पाहिलाच नाही. म्हणाले, ‘‘बाळ, हँडल धर. तळवा न उचलता बोट ब्रेकवर ठेव पाहू.’’ बोट पुरलंच नाही! नखाचं टोक तेवढं टेकलं. ब्रेक दाबायचा तर तिला मूठ सैल करावी लागत होती. म्हणजे उतारावर एक तर हँडल नीट धर, नाही तर ब्रेक दाब!

काकांनी बारीकशी ॲलन-की घेतली. ब्रेकच्या दांडीजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला. दांडी हळूहळू हँडलजवळ आली. मग पट्टा सैल करून पूर्ण ब्रेकच थोडा आत सरकवला, म्हणजे बोट दांडीच्या टोकाशी पडेल. का बरं? दार बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि मग कडेला ढकलून पाहा. कडेला कमी जोर लागतो ना? तसंच हे.

‘‘पण एवढ्याशा बोटात एवढी ताकद?’’ मी विचारलं. काका हसले. या ब्रेकमध्ये तार नसते, नळीत तेलासारखा द्रव असतो. बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा हा नियम. दांडीकडचा दट्ट्या लहान, चाकाकडचे मोठे. म्हणून बोटाचा थोडा जोर तिथे कितीतरी वाढतो आणि पॅड चकतीला घट्ट धरतात. म्हणजे तिच्या बोटात ताकद होती, फक्त ते ब्रेकपर्यंत पोचत नव्हतं.

आता आईबाबांसाठी चार गोष्टी. सायकल घेताना मुलाला दुकानात न्या आणि त्याचा हात हँडलवर ठेवून पाहा. पहिलं बोट सहज दांडीवर वळलं पाहिजे. दांडी जवळ आणायचा स्क्रू आहे का, ते विचारा. तारेच्या अनेक ब्रेकनाही तो असतो, त्यामुळे महाग ब्रेकच हवा असं नाही. दांडी जवळ आणल्यावर ती पूर्ण दाबून पाहा. हँडलला टेकत असेल तर ब्रेक दुरुस्त करून घ्या. पहिली चाचणी सपाट मैदानावर करा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून.

आणि मुलांनो, उतार उतरून आल्यावर चकतीला हात लावू नका, चांगलीच तापलेली असते. तिच्यावर तेलाचा थेंबही पडू देऊ नका, नाही तर ब्रेक घसरेल.

घरी येताना मी भाचीला म्हटलं, ‘‘चुकलं गं माझं. तू घाबरट नव्हतीस.’’ ती काही बोलली नाही. पुढच्या उतारावर मात्र खाली न उतरता एका बोटाने ब्रेक लावत सावकाश गेली आणि खाली माझी वाट पाहत थांबली.

तेव्हापासून वर्गात कुणाला कात्री चालवता आली नाही की ‘जोर लाव’ म्हणण्याआधी मी म्हणते, ‘‘हात दाखव पाहू.’’ तुम्हीही आज संध्याकाळी आपल्या सायकलच्या ब्रेकवर बोट ठेवून पाहा. पुरत नसेल तर लगेच सांगा. मोठ्यांनी नाही ऐकलं, तर पुन्हा सांगा!