पाच विरुद्ध चार

कंपासपेटी चोरणाऱ्या एका मुलाला मी साऱ्या वर्गापुढे उभे केले होते. तो पुन्हा शाळेत आला नाही.

पुढे एका खटल्याची हकीकत वाचनात आली. १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत एकाने दोन दुकानांतून सिनेमाच्या ९ कॅसेटी लांबवल्या. किंमत सारी १५३ डॉलर ५४ सेंट! चोरी भुरटीच, पण जुन्या गुन्ह्यांमुळे ती गंभीर धरली गेली, नि तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप हा १९९४ चा कायदा लागू झाला. ५० वर्षांच्या आत सुटका नाही! २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केली.

निदान चौघे तरी 'नको' म्हणाले. माझ्या वर्गात न्यायाधीश मी एकटाच होतो.