दहा श्वासांचा एक मणी

आम्ही पेशाने इंजिनिअर. मुंबईत बी.ई. केलं, मास्टर्ससाठी इकडे आलो आणि चार जणांसारखे इकडेच राहिलो. गेली पंधरा-सोळा वर्षं हॉस्पिटलांना लागणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात आहोत. रुग्णाच्या छातीला चिकटवायच्या पट्ट्या, त्यांतून येणारे बारीकसे सिग्नल, ते गाळून गाळून शेवटी पडद्यावर उमटणारा एक आकडा: मिनिटाला श्वास किती. पार्टीत कुणी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?" तर आम्ही सरळ सांगतो, "श्वास मोजतो." आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिलाही हेच उत्तर दिलं. ती म्हणाली, "अरे, एवढं शिकून श्वास मोजतोस? ते तर डोळ्यांना दिसतं की!"

दिसतं खरं. पण दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. या दोहोंच्या मधे जी जागा आहे तिच्यावर आमचं घर चालतं, आणि त्याच जागेत आमचा एक मामा गेला. आईच्या पाठचा भाऊ, अकरा महिन्यांचा. आजोळी त्याला "डबा झाला" म्हणत. खोकला, ताप, आणि श्वासागणिक पोट भात्यासारखं वरखाली. आजी बघत होती, शेजारणी बघत होत्या, सगळ्यांना दिसत होतं. पण साधी सर्दी कुठे संपली आणि जिवावरचं दुखणं कुठून सुरू झालं हे सांगणारं कुणी नव्हतं. डॉक्टर तालुक्याच्या गावी. बैलगाडी जुंपायची की नाही हे ठरेपर्यंत सकाळ झाली. त्या मामाचा फोटोसुद्धा नाही.

लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा कसा? आपली समजूत अशी, की स्टेथोस्कोप हवा, एक्स-रे हवा, निदान एम.बी.बी.एस. डॉक्टर तरी हवा. १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फ्रँक शॅन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलं नीट तपासून पाहिली आणि १९८४ साली जे लिहिलं ते वाचून आम्ही चकित झालो. खोकणाऱ्या मुलाचे श्वास मिनिटाला किती पडतात, आणि श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, या दोन गोष्टी बघितल्या तरी औषध कुणाला द्यायचं आणि हॉस्पिटलात कुणाला पाठवायचं हे बऱ्यापैकी ठरवता येतं. कानाला नळी लावायची गरज नाही. त्यामागचं गणित आम्हां इंजिनिअरांना चटकन पटतं. सुजलेलं फुप्फुस ताठर होतं. ताठर फुगा एकदम मोठा फुगवायला फार जोर लागतो, म्हणून बाळ कमी कष्टाचा मार्ग धरतं, उथळ आणि भराभर श्वास. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आकडे असे: दोन महिन्यांच्या आतलं मूल असेल तर मिनिटाला ६०, दोन महिने ते वर्षाच्या आतलं असेल तर ५०. तेवढे किंवा त्याहून जास्त श्वास पडले, तर न्यूमोनिया समजून चालायचं.

म्हणजे प्रश्न सुटला? छे! खरी गंमत इथून पुढे आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ही नावं आपल्या वाचकांना नवी नाहीत. या दोघांनी १९८४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून पब्लिक हेल्थची मास्टर्स केली. म्हणजे तसे आमच्याच पंथातले, परदेशी मास्टर्सवाले! फरक एवढाच, की आम्ही डिगरी घेऊन इथे इंटरव्ह्यू देत फिरलो आणि ते जे निघाले ते १९८६ साली थेट गडचिरोलीला पोचले. जंगल, गोंड आदिवासींची गावं, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. तिथे बालमृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी एक न्यूमोनिया. औषध महाग नव्हतं, कोट्रायमोक्साझोल. निदानाची युक्ती तर पापुआ न्यू गिनीहून तयारच होती. गावात बाळाजवळ रात्रीबेरात्री पोचणारं माणूसही होतं: सुईण. अडचण एकच. सुईण शाळेत गेलेली नव्हती. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, असतं तरी ते वाचता आलं नसतं, आणि पन्नास-साठपर्यंत मोजताना ती हमखास चुकायची.

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? आमच्या ऑफिसात कुठलंही यंत्र करायला घेतलं की आधी एक जाडजूड दस्तऐवज होतो. वापरणाऱ्याच्या गरजा काय, त्याचं प्रशिक्षण किती, बॅटरी किती तास. मग सहा महिने मीटिंगा. आमच्यासारख्याने बहुतेक बॅटरीवर चालणारं, लाल-हिरवे दिवे लागणारं काहीतरी काढलं असतं. किंवा म्हणालो असतो, आधी साक्षरता वर्ग सुरू करा, मग बोलू. बंग दांपत्याने उलटीकडून सुरुवात केली. बाईला काय येत नाही हे बाजूला ठेवलं आणि तिला काय येतं ते पाहिलं. तिला दहापर्यंत मोजता येतं. लाल आणि हिरवा रंग कळतो. आणि मणी सरकवता येतात.

त्यातून झाला तो श्वासमापक. एका फळीवर एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी त्यांच्याहून मोठ्या मुलांसाठी. ओळीत आधी हिरवे मणी, शेवटी एक लाल. वाळूची घडी उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून मोजायचं. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. औषध सुरू. बस्स, एवढंच! १९९२ साली त्यांनी हे उपकरण डॉक्टरांच्या नियतकालिकात मांडलं.

आम्ही त्याच्याकडे धंद्याच्या नजरेनं पाहिलं आणि खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. पहिली शंका, पूर्ण मिनिट कशाला? पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर? तर तान्ह्या बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. मधेच भराभर, मधेच थबकतो. पंधरा सेकंदांतली दोनची चूक चारपट होऊन आठाची होते, आणि साठाच्या काठावरच्या बाळाला ती भोवू शकते. शिवाय गुणायला कुणी सांगितलंय? मिनिट पुरतं मोजणं हेच बरोबर. दुसरी शंका, वाळूची घडी कितपत अचूक? दोन-तीन सेकंद इकडेतिकडे झाले तरी या कामात चालतं; बंद पडलेली बॅटरी चालत नाही. तिसरी शंका आम्हांला सुचलीच नाही.

नुसत्या मण्यांनी मुलं वाचली असं मात्र कुणी समजू नये. मण्यांच्या आधी माणसं तयार केली होती, औषध गावात होतं आणि आजारी मूल कसं ओळखायचं हे आयांना शिकवलं होतं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीच्या या कामाचा अहवाल आला, तो मण्यांच्याही आधीचा. ज्या गावांत उपचाराची सोय केली तिथे न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांत एकही पुरतं दगावत नव्हतं, ०.८ टक्के. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के. पुढे तान्ह्या बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं. वजन करायचं, बाळाला उबदार पिशवीत ठेवायचं, वेळ पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. ३९ गावांतला तो प्रयोग १९९९ साली छापून आला तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर न्यायचं ठरवलं ते २०११ साली. मधली बारा वर्षं कुठे गेली, हे यंत्रांच्या धंद्यातल्या माणसाला विचारू नका. यंत्र पोचवायला जहाज लागतं. पद्धत पोचवायला काय काय लागतं ते सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

जहाजावरून आठवलं. आमच्या ओळखीच्या काही उत्साही मंडळींनी एकदा इथल्या हॉस्पिटलातून मोडीत निघालेली यंत्रं गोळा करून देशात एका ग्रामीण दवाखान्याला पाठवली. आम्ही सुट्टीवर गेलो तेव्हा पाहायला गेलो. एक यंत्र ११० व्होल्टचं होतं, ते २३० वर लावल्यावर पहिल्याच दिवशी धूर निघाला. दुसऱ्याच्या पट्ट्या संपल्या होत्या, आणि तशा पट्ट्या तिथे कुठेच मिळत नव्हत्या. दोन्ही यंत्रांवर स्वच्छ धुतलेली फडकी घातलेली होती. नर्सबाई मोठ्या आदराने म्हणाल्या, "अमेरिकेची आहेत." स्टॅनफर्डचे मनू प्रकाश २०१३ साली युगांडात गेले तेव्हा त्यांना एका दवाखान्यात रक्त घुसळायचं सेंट्रिफ्यूज दाराला टेकण म्हणून लावलेलं दिसलं होतं. वीजच नव्हती, तर करणार काय! आमच्याकडे निदान फडकं होतं.

या प्रकाशांनी मग काय केलं तेही सांगायला हवं. आपण लहानपणी गुंडीच्या भोकांतून दोरा ओवून भिंगरी करायचो, आठवते? दोरा पिळायचा, ओढायचा, सैल सोडायचा, आणि गुंडी भुर्रर्र आवाज करत फिरायची. तीच कागदाची करून तिच्यात रक्ताची बारीक नळी बसवली. वजन दोन ग्रॅम, खर्च वीस सेंट, आणि वेग मिनिटाला सव्वा लाख फेरे! दीड मिनिटात रक्तातलं पाणी वेगळं होतं. २०१७ साली हे छापून आलं. पिढ्यान् पिढ्या पोरं खेळत आलेल्या खेळण्यात एवढा वेग आहे हे तोवर कुणी मोजून पाहिलं नव्हतं.

आणि साडी! मेरीलँड विद्यापीठाच्या रीटा कोलवेल बाईंनी बांगलादेशात पटकीचा माग काढला. पटकीचा जंतू इतका बारीक की कापडातून सहज निसटतो. पण तळ्याच्या पाण्यात तो बराचसा कोपेपॉड नावाच्या इवल्याशा किड्यांना चिकटून असतो, आणि किडा कापडात अडकतो. जुनी सुती साडी चार घड्या करून घागरीच्या तोंडावर धरली की बस. साडी नवी चालत नाही असं नाही, पण जुनी सरस. धुऊन धुऊन धाग्यांना लव सुटते आणि मधली भोकं बारीक होतात. ६५ गावांत करून पाहिलं, पटकी ४८ टक्क्यांनी कमी. २००३ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा बाई अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या प्रमुख होत्या.

हे आईला फोनवर सांगितलं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की ती नळाला बाबांच्या जुन्या धोतराचं फडकं बांधायची. ती म्हणाली, "नवं धोतर कोण फाडतं?" मग थोडं थांबून, "आम्ही उकळायचोसुद्धा." तेही खरंच, फडक्याने सगळं जातं असं नाही, निम्मं उरतंच. पाच वर्षांनी त्या गावांत पुन्हा जाऊन पाहिलं तेव्हा ३१ टक्के बायका पाणी गाळत होत्या. काही फुकट मिळालं म्हणजे ते टिकतं असं नाही. सांगणारं माणूस अधूनमधून दारात यावं लागतं.

आपल्या मंडळात दर वर्षी देणगी कुठे द्यायची यावर वाद होतो. यंत्र द्यायला सगळ्यांना आवडतं, कारण त्याच्यावर पाटी लावता येते, फोटो निघतो. दारोदार फिरणाऱ्या बाईच्या मानधनाचा फोटो निघत नाही. यंदा आम्ही मत मानधनाला दिलं. आमच्या धंद्याविरुद्ध आहे, पण दिलं.

गेल्या महिन्यात मराठी शाळेच्या रविवारी आमची पाळी होती. चर्चच्या तळघरात पंधरा पोरं. पाढे म्हणून झाल्यावर एका पत्त्यांच्या खेळातली एक मिनिटाची वाळूची घडी काढली आणि जोशीकाकूंच्या पाच महिन्यांच्या, गाढ झोपलेल्या नातवाचे श्वास मोजायला सांगितले. तिघांनी एकाच वेळी मोजले. एकाचे २८, एकीचे ४१, आमच्या लेकीचे ३६. जोरात भांडण! मग दोऱ्यात ओवलेले मणी दिले, दहाला एक. पुन्हा वाळू उलटी केली. या वेळी तिघांचेही तीन मणी सरकलेले आणि चौथ्यावर बोट टेकलेलं. "अजून एकदा!" म्हणून सगळी ओरडली, तेवढ्यात बाळ जागं झालं.