माळावरचे गोल्फ मैदान आणि आमच्या घरातली एक लपवलेली गोष्ट



गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ. आपल्या वस्तीत त्याचे नाव सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. आमच्या घराचे पोट मात्र पंचेचाळीस वर्षे त्याच खेळाने भरले, आणि तरीही आम्ही ते नाव चारचौघांत कधी काढले नाही. मुलांच्या शाळेच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आम्ही नुसते 'नोकरी' असे लिहीत आलो. हे सारे उघड्यावर आले ते अमेरिकेतल्या एका ओसाड माळावर. ती हकिकत कुटुंबाच्या पानावर सांगावी असे आम्हा दोघांना वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

2017 च्या जून महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे गेलो होतो. तो नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहरात संगणकाच्या नोकरीत आहे. एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, या राज्याच्या उत्तरेला वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे माणसापेक्षा गुरे जास्त. अशा जागी 2010 साली मोठे गोल्फचे मैदान झाले आहे. दोन दिवस जाऊन येऊ. तुम्हाला बघायला आवडेल."

यांनी मान खाली घातली. "मी आयुष्यभर तेच बघितले रे," एवढेच म्हणाले. पण दहा वर्षांचा नातू मागे लागला आणि यांना होकार द्यावा लागला.

पहाटे निघालो. वाट साडेतीनशे मैलांहून जास्त होती. ग्रँड आयलंड गावापर्यंत दोन्ही बाजूंना मक्याची शेते होती. पुढे ब्रोकन बो नावाचे गाव मागे पडले तशी शेते संपली आणि टेकड्या सुरू झाल्या. या टेकड्या खडकाच्या नाहीत. त्या निव्वळ वाळूच्या आहेत आणि त्यांच्यावर गवताची चादर आहे. झाड क्वचितच दिसते. मधूनच एखादी पवनचक्की फिरते आणि गुरांच्या हौदात पाणी सोडते. रस्त्याला समांतर रेल्वे आहे. तिच्यावरून कोळशाच्या लांबलचक मालगाड्या जातात. डबे मोजता मोजता नातू दमला.

असा वाळूचा मुलूख एकोणीस हजार चौरस मैलांहून मोठा आहे, म्हणजे त्या राज्याचा जवळजवळ चौथा भाग. आम्ही जिथे चाललो होतो तो चेरी जिल्हा आकाराने आपल्या पुणे जिल्ह्याएवढा आहे, आणि वस्ती किती? सहा हजारांच्याही आत! आपल्याकडच्या एका मोठ्या झोपडपट्टीत याहून कितीतरी जास्त माणसे राहतात.

थेडफर्ड गावावरून आम्ही उत्तरेला वळलो. त्या 83 क्रमांकाच्या रस्त्यालगत मुलाने गाडी थांबवली. तिथे सरकारने 2016 साली उभारलेला एक फलक आहे. मुलाने तो वाचून आम्हाला मराठीत अर्थ सांगितला, आणि आम्ही चकित झालो. या माळावर एके काळी काळ्या लोकांची वसाहत होती. तिचे नाव डिविट्टी. 1904 साली अमेरिकन संसदेने किनकेड यांचा कायदा केला. त्याप्रमाणे या भागात पाच वर्षे राहून जमीन सुधारणाऱ्याला 640 एकर जमीन मिळणार होती. 1907 च्या सुमारास काळी कुटुंबे इथे आली. त्यांतल्या कित्येकांचे वाडवडील गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेले होते. या लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळे कापली, ती विटांसारखी रचून घरे बांधली, शाळा काढल्या, चर्च उभारले.

640 एकर ऐकून आमचे डोळे विस्फारले. पण मुलाने हिशेब सांगितला. इथे नांगर घातला की वाळू उडते, म्हणून शेती होत नाही. गुरे पाळायची तर एका गाईला पंधरा-वीस एकर गवत लागते. म्हणजे इतक्या जमिनीवर तीस-चाळीस गाई, आणि तेवढ्यावर घर चालत नाही. हळूहळू लोकांनी जमिनी विकल्या आणि 1930 नंतरच्या काही वर्षांत वसाहत मोडली. आता तिथे गवत आहे.

आणखी एक गोष्ट मुलाने सांगितली. ही फुकटची जमीन मुळात कुणाची होती? इथल्या मूळ लोकांची. लाकोटा लोकांना उत्तरेकडे राखीव प्रदेशात ढकलून ती मोकळी करण्यात आली होती. रोझबड नावाचा त्यांचा राखीव प्रदेश आजही पलीकडच्या राज्यात, सीमेला लागूनच आहे.

हे बराच वेळ त्या गवताकडे बघत राहिले. 1964 सालच्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात आमचे सासरे तुरुंगात गेले होते. हे म्हणाले, "आपल्या माणसांनी जमीन मागितली म्हणून तुरुंग बघितला. यांना मिळाली, पण पोटाला पुरेल अशी मिळाली नाही." मग मुलाला विचारले, "बाबासाहेब अमेरिकेत शिकायला होते तेव्हा ही वस्ती होती का रे?" मुलगा म्हणाला, "होती ना! बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला होते. त्याच वर्षांत इथे हे लोक राहत होते." बाबासाहेबांनी पुढे 1946 साली काळ्या लोकांचे विद्वान नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, हे आम्ही वाचले होते. पण ज्यांच्यासाठी ते विद्वान झगडत होते त्यांच्या घरांची जागा डोळ्यांनी बघू, असे कधी वाटले नव्हते.

व्हॅलेंटाइन नावाच्या छोट्या गावावरून दक्षिणेला सतरा मैलांवर ते मैदान. प्रेअरी क्लब असे त्याचे नाव. वाटेत घर नाही, दुकान नाही, आणि एकाएकी राहण्याची मोठी इमारत समोर येते. एका बाजूला स्नेक नदीची खोल दरी आणि पाइनची झाडे, दुसऱ्या बाजूला उघडे माळ. अठरा होलची दोन मैदाने आहेत. एक वाळूच्या टेकड्यांतून फिरते, दुसरे पाइनच्या झाडांतून दरीच्या काठाने जाते. शिवाय दहा होलचे एक लहान मैदान आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. छोटा कडक चेंडू लोखंडी काठीने मारत मारत दूरच्या एका भोकात घालायचा. त्या भोकाला होल म्हणतात. कमीत कमी फटक्यांत जो हे करील तो जिंकला.

इतक्या लांब, आडरानात मैदान का केले असेल, हा प्रश्न आम्हाला पडला होता. त्याचे उत्तर यांनीच दिले. खाली बसून यांनी मूठभर वाळू हातात घेतली आणि म्हणाले, "पाणी साचणार नाही. मुंबईत पावसाळ्यात आमचे निम्मे मैदान चिखलात असायचे. इथे पाऊस पडला की खाली गेला." मग टेकडीच्या कुशीतला वाळूचा मोठा खळगा दाखवून विचारले, "हा कुणी खणला?" मुलगा म्हणाला, "कुणी नाही. गुरांच्या खुरांनी किंवा कशानेही गवत एकदा फाटले की वारा आतली वाळू खात जातो." असे खळगे गोल्फला आयते मिळतात. इतर ठिकाणी तेच यंत्रे लावून खणावे लागतात. म्हणून 1995 साली जवळच मलन गावापाशी पहिले नावाजलेले मैदान झाले आणि तेव्हापासून या वाळूकडे गोल्फवाल्यांचे लक्ष गेले. गुरे पाळणाऱ्यांना मात्र असा खळगा नकोसा. तो पसरू नये म्हणून ते त्यात जुने टायर टाकतात. एकच खळगा एकाला खेळ, दुसऱ्याला नुकसान!

संध्याकाळी लहान मैदानावर गेलो. तिथे गंमत अशी की, पहिला फटका कुठून मारायचा हे ठरलेले नाही. आधीचा होल जिंकणारा जागा ठरवतो. मुलाने भाड्याने काठ्या आणल्या होत्या. त्याने गाडीतून बॅग काढून खाली ठेवली मात्र, आणि यांनी वाकून तिचा पट्टा खांद्यावर चढवलासुद्धा. काही विचार न करता. एकोणसत्तराव्या वर्षी, मुलाच्या पाठीमागे दोन पावले अंतर ठेवून हे चालू लागले.

मुलगा वळला आणि जागीच थांबला. "बाबा, ठेवा ती. इथे ज्याची बॅग तोच उचलतो." त्याचा आवाज कापत होता. इकडेतिकडे पाहिले तर खरेच होते. पांढरे केस झालेली माणसेही आपापली बॅग स्वतः खांद्यावर घेऊन, नाहीतर ढकलगाडीवर टाकून चालली होती.

नातवाने विचारले, "आजोबा, तुम्हाला बॅग अशी घेता कशी येते? तुम्ही गोल्फ खेळायचात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मुलाने मान वळवली. आपल्या कचेरीत त्यानेही 'वडील क्लबात होते' एवढेच सांगितले होते, हे आम्हाला ठाऊक होते. आणि त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? लपवायला आम्हीच शिकवले होते.

हे गवतावर बसले आणि नातवाला जवळ घेतले. "खेळायचो नाही बाळा. मी बारा वर्षांचा असताना, 1960 साली, मुंबईच्या एका क्लबात आगेवाला म्हणून लागलो. आगेवाला म्हणजे काय? साहेबाच्या पुढे जाऊन उभे राहायचे, आणि चेंडू कुठे पडला ते बघून ठेवायचे. चेंडू हरवला की शिव्या, आणि पैसे कापले जायचे. पुढे कॅडी झालो, लोकांच्या बॅगा उचलल्या. साहेब व्हरांड्यात बसायचे, आम्ही झाडाखाली. तहान लागली तर मागच्या नळावर जायचे. मग माळीखात्यात कायम झालो, हरळी सांभाळली आणि 2006 साली निवृत्त झालो. त्याच पगारावर तुझे बाबा इंजिनिअर झाले."

नातू क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला चेंडू दिसतो? माझा हरवतो. तुम्ही पुढे उभे राहता?"

आमच्या पोटात गोळा आला. पण यांना हसू आले. हे उठले, पुढे जाऊन उभे राहिले आणि कपाळावर हात धरला. त्या माळावर वारा असा की चेंडू कुठल्या कुठे जातो आणि गुडघाभर गवतात पडला की सापडत नाही. नातवाने सहा चेंडू मारले. सहाही यांनी शोधून दिले. शेजारून जाणारे एक अमेरिकन गृहस्थ थांबले आणि मुलाला म्हणाले की अशी नजर आपण पाहिली नाही. तेव्हा मुलाने, आमच्या देखत, मोठ्याने इंग्रजीत सांगितले, "माझे वडील कॅडी होते." एवढेच वाक्य. आम्हा दोघांना तेवढे इंग्रजी समजते.

मग मुलाने काठी यांच्या हातात दिली. पंचेचाळीस वर्षांत मैदानावर राहून यांनी दिवसाउजेडी, सर्वांसमोर एकही फटका मारला नव्हता. पहिला फटका चुकला. दुसरा असा गेला की आम्हाला चेंडू दिसलाच नाही. "कुठे पडला?" आम्ही विचारले. "अगं, त्या खळग्याच्या डाव्या अंगाला," हे म्हणाले. चेंडू तिथेच होता.

रात्री व्हरांड्यात बसलो. आभाळ इतके स्वच्छ की तारे हाताला लागतील असे वाटत होते. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, मी लपवायला नको होते." हे म्हणाले, "काम हलके नव्हते रे. वागवणारे हलके होते. आपण दोघांत गल्लत केली."

बंधू-भगिनींनो, आम्ही काही मोठा पराक्रम सांगत नाही. एका श्रीमंती मैदानावर एक संध्याकाळ खेळल्याने समाज बदलत नाही हे आम्हाला कळते. डिविट्टीच्या लोकांची घरे मातीत मिळाली, पण त्यांची गोष्ट कुणीतरी जपली आणि ती फलकावर आली. आपल्या घरातल्या गोष्टी आपणच दाबून टाकल्या तर फलक कोण लावणार? दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी असलेले अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले, हे नातवाला आता पाठ आहे. पण त्याहून जास्त तो आपल्या आजोबांचे सांगतो.

त्या टेकड्यांवरची वाळू वाऱ्याने उडून जात नाही, कारण गवताची मुळे तिला धरून असतात. आमच्या मुलाचे शिक्षण बाबासाहेबांच्या पुण्याईने आणि बापाच्या खांद्यावर झाले. ती मुळे लपवायची नसतात. तुमच्या घरी कुणी सफाई केली असेल, हमाली केली असेल, बिगारी केली असेल, तर आज जेवायला बसाल तेव्हा नातवंडांना सांगा. आम्ही उशीर केला, तुम्ही करू नका.

परत आल्यावर धाकट्या मुलीच्या मुलाचा शाळेचा अर्ज भरायचा होता. त्यात आजोबांचा व्यवसाय विचारला होता. हे स्वतः पेन घेऊन बसले आणि ठळक अक्षरांत लिहिले : 'निवृत्त माळी व कॅडी'.

जय भीम!