मिठाच्या पाण्यातलं प्लॅटिनम

३ जून
गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या एका मावशींचे यजमान औषधाच्या खिडकीशी आले. "ताई, औषध एवढंसं, मग सलाईनच्या बाटल्या एवढ्या कशाला?" मागे रांग होती. "किडनी जपायला," एवढंच सांगता आलं. खरं तर त्या बाटलीत याहून बरंच काही आहे.

४ जून
मावशींचं औषध सिस्प्लॅटिन. त्याचा रेणू छोटा, सपाट. मधोमध प्लॅटिनम, एका अंगाला दोन अमोनिया, दुसऱ्या अंगाला दोन क्लोरीन. मिकेले पेरोने यांनी तो १८४५ मध्ये तयार केला, पण शंभराहून अधिक वर्षं त्याचं औषध होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून तिथे क्लोरीन सहसा जागा सोडत नाहीत. पेशीत ते फारच कमी. आत शिरल्यावर क्लोरीन सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि प्लॅटिनम डीएनएतल्या ग्वानिनला धरतं. बहुतेकदा शेजारच्या दोन ग्वानिनना एकदमच. डीएनए तिथे वाकतो, त्याची नक्कल अडते. दुरुस्ती जमली नाही तर पेशी मरते.

हेच दोन क्लोरीन समोरासमोर बसवले तर शेजारचे दोन ग्वानिन त्या रेणूच्या पकडीत येत नाहीत आणि औषध म्हणून तो कामाचा राहत नाही. अणू तेच, संख्याही तीच! इतकी वर्षं ही औषधं भरते आहे, तरी याचं नवल ओसरलेलं नाही.

सिस्प्लॅटिन सलाईनमध्येच मिसळतात ते क्लोरीन आधीच सुटू नयेत यासाठीच. मिठातलं क्लोराइड रेणूला बाटलीत शाबूत ठेवतं. शरीरात गेल्यावर तेच पाणी लघवी वाढवतं आणि किडनीवरचा मारा सौम्य करतं.

७ जून
नव्या मुलीने ऑक्झॅलिप्लॅटिन या दुसऱ्या प्लॅटिनम औषधासाठीही सलाईनच काढलं होतं. थांबवलं. त्याला डेक्स्ट्रोज लागतं. क्लोराइडने तो रेणू बिघडतो. सिस्प्लॅटिन फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, खडे धरतं, हेही तिला दाखवलं. ॲल्युमिनियमची सुई कुठल्याच प्लॅटिनमला चालत नाही.

१० जून
मिशिगनमधले बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू दोऱ्यांसारखे लांबत गेले. वाढत होते, पण दुभंगत नव्हते. कारण वीज नव्हे, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रवात उतरलेली संयुगं. हे १९६५ मध्ये छापून आलं, १९६९ मध्ये उंदरांच्या गाठींवरचे निष्कर्ष आले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली. वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरमधूनही तरुण मुलं बरी होऊ लागली ती याच औषधामुळे.

१२ जून
मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा २०१८ चा अभ्यास पुन्हा वाचला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रिया. रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलेल्यांपैकी ५४ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या. नुसतं रेडिएशन मिळालेल्यांपैकी ४६ टक्के. फरक आठ टक्क्यांचा, पण त्यात कितीतरी घरांतल्या आया येतात.

मावशींच्या यजमानांना आज नीट बसवून सगळं सांगितलं. इतरांनाही हेच सांगणं आहे: वेळ लागतो म्हणून सलाईन जोरात सोडायला सांगू नका, मध्येच काढायला लावू नका. लघवी कमी झाली, कानात आवाज येऊ लागले, ऐकू कमी यायला लागलं किंवा बोटं बधिर झाली, तर पुढच्या डोसची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच कळवा.