अम्मीचा आवाज

अम्मीच्या इंतकालनंतर तिचा आवाज माझ्या एमपी३ प्लेअरमध्येच उरला. स्वयंपाकघरात तिच्या नकळत टिपलेल्या गप्पा. अब्बांना कमी ऐकू येतं, इयरफोन त्यांना नको वाटतो. म्हटलं, त्यांच्याच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला प्लेअर जोडू.

लॅमिंग्टन रोडवरून वायर आणली. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन. अंधेरीला घरी येऊन त्या मागे ‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये खोचल्या. अम्मी फाटक्या, घोगऱ्या आवाजात बोलू लागली. अब्बा म्हणाले, "ही तुझी अम्मी नव्हे. बंद कर."

फोनोची जागा रेकॉर्ड प्लेअरसाठी असते. सुईकडून येणारा सिग्नल अगदी क्षीण, म्हणून तिथे तो कितीतरी पट वाढवतात, खर्जही उचलतात. प्लेअरचा सिग्नल मुळातच जोरकस. बीएडला हे कुणी शिकवलं नव्हतं! पिना ‘ऑक्स’मध्ये लावल्या, प्लेअरचा आवाज पाऊण ठेवला, बाकीचा अ‍ॅम्प्लिफायरवर.

"बेटा, चहात साखर किती टाकलीस?" अम्मी विचारत होती.

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, जवाब दे ना तिला."