मामांची बॅटरी

मुलांनो, तुम्ही कधी चिमूरला गेला आहात का? चंद्रपूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. इथलं श्रीहरी बालाजीचं देऊळ आणि घोडायात्रा प्रसिद्ध आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, इथले लोक इंग्रज सरकारविरुद्ध उठले, म्हणून चिमूरचं नाव इतिहासातही आहे. गाव सोडून कोलाऱ्याच्या रस्त्याला लागलं, की ताडोबाचं जंगल जवळ येऊ लागतं. त्याच बाजूच्या एका खेड्यात माझे मामा राहतात.

शहरात लाईट गेली की आपल्याला गंमत वाटते. तिथे मात्र अंगणापलीकडे काही म्हणजे काही दिसत नाही! पावसाळ्यात रात्री मण्यारीसारखे विषारी साप हिंडतात, शेतात रानडुकरं शिरतात. म्हणून टॉर्च, म्हणजे तिकडच्या भाषेत 'बॅटरी', हवीच.

एका जुलैत मी तिथे होतो. संध्याकाळी लाईट गेली आणि गोठ्यात वासरू हंबरू लागलं. मामांनी पेटीतली जुनी दोन सेलची बॅटरी काढली, नवे सेल घातले, बटण दाबलं. उजेड नाहीच!

"फेकून द्या मामा, नवी घ्या," मी म्हटलं.

"फेकून द्या म्हन्ते! आधी बिघडली काहून, ते तं पाय," मामा म्हणाले. "अन् एका टायमाले एकच गोष्ट तपासाची. नाही तं दोष कुठं होता, समजतच नाही."

कंदिलाच्या उजेडात आम्ही बसलो. सेल बरोबर बसले होते : पहिल्याचं टोक बल्बकडे, दुसऱ्याचं टोक पहिल्याच्या बुडाला. मग बल्ब. त्याचं बूड सेलच्या टोकावर टेकवलं आणि एक तार सेलच्या बुडापासून बल्बच्या कडेला लावली. बल्ब मंद पेटला! म्हणजे सेल चांगला आणि बल्बही चांगला. मग वीज अडते कुठे?

मामांनी मागचं झाकण दाखवलं. स्प्रिंगवर पांढरी भुकटी आणि गंज! जुने सेल उन्हाळाभर आतच राहिले होते. साध्या सेलचं बाहेरचं भांडं जस्ताचं असतं. वीज देताना ते जस्त झिजतं, भोक पडतं आणि आतला खारट लगदा पाझरतो. गंजातून वीज नीट जात नाही.

मामांनी कोरड्या फडक्याने भुकटी पुसली, काचकागदाने स्प्रिंग चकचकीत घासली, थोडी ताणली. हात साबणाने धुतले. बटण दाबलं आणि लख्ख उजेड पडला!

आम्ही गोठ्याकडे निघालो. दहा पावलांवर मामांनी माझा दंड धरला. उजेडात, वाटेवरच, काळी मण्यार होती, अंगावर पांढरे पट्टे. आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. ती सावकाश दगडांत शिरली. 'फेकून द्या' हे माझे शब्द मला आठवले.

आता एलईडीच्या टॉर्च आल्या आहेत. त्यांत सेल उलटे घातले तर उजेड पडत नाही, एवढं पाहा. बाकी नियम तेच : जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, टॉर्च बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवा, आणि वापरलेला सेल कधीही विस्तवात टाकू नका.

आज घरातली टॉर्च एकदा उघडून बघाल ना?