टर्बोला गोधडी

इंजिन गार राहावं म्हणून गाडीत केवढा खटाटोप केलेला असतो! रेडिएटर, त्याचा पंखा, कूलंटच्या नळ्या, वारा आत घेणारी पुढची जाळी. आणि त्याच इंजिनाचा सगळ्यात जास्त तापणारा भाग झाकायला मला सांगितलं जात होतं. "ताई, टर्बोला गोधडी घालाय लागणार बघा," मिस्त्री म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जे आधीच तापून फुललंय, त्याला पांघरूण?

गाडी जुनी डिझेल. इंजिन फियाटचं, 1248 सीसीचं मल्टिजेट. आपल्याकडे ते मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही नावांच्या गाड्यांत बसलं. आधीच्या मालकाकडे असताना कुठल्याशा दुरुस्तीत सिलिंडरांतला जळका वायू बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डवरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, काढला गेला तो परत बसलाच नाही. रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढून आलं की बॉनेटखालून तापल्या प्लास्टिकचा वास यायचा. कोल्हापुरात उद्यमनगरात गाडी दाखवली तेव्हा मिस्त्रींनी एका वायरच्या आवरणाला नख लावलं, तर त्याचे तुकडे पडले. आतली तांब्याची तार उघडी दिसत होती.

टर्बो हा शब्द मी आयुष्यभर गाड्यांच्या मागच्या दारावर वाचला होता. तो नेमका काय करतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सिलिंडरमधून बाहेर फेकला जाणारा जळका वायू मॅनिफोल्डमधून एका लहानशा चक्रावर आदळतो. त्या चक्राच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. म्हणजे जे वाया जाणार होतं, त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. माझ्या गाडीतल्यासारखा लहान टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. इंजिनावर पूर्ण ताण असताना डिझेलचा वायू 700 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, पेट्रोलच्या टर्बो गाडीत तर 950 च्याही पुढे जातो. हे आकडे ऐकून मी बॉनेटपासून एक पाऊल मागे सरले. इंजिन तेव्हा बंद होतं, तरी.

पण माझी शंका तशीच होती. झाकलं तर आणखी तापणार नाही का?

मिस्त्रींनी ऐन उमेदीत साखर कारखान्यात मेन्टेनन्सला काम केलेलं. ते म्हणाले, "कारखान्यात वाफेच्या पाइपांना लॅगिंग असतंय की ओ. आत रॉकवूल, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. कशाला? वाफ टर्बाइनपर्यंत गरमच पोचाय पाहिजे म्हणून. वाटेत गार झाली तर टर्बाइन काय फिरवणार?" तिथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. टर्बोचं चक्रही टर्बाइनच आहे. वायू जितका गरम येईल, तितकी त्याच्यात चक्र फिरवायची ताकद जास्त. मॅनिफोल्डच्या भिंतीतून जी उष्णता बाहेर पडते, ती चक्राला मिळत नाही. वर वायरी भाजते, रबरी नळ्या कडक करते आणि इंजिन जी हवा ओढणार ती आधीच तापवून ठेवते. उष्णता नाहीशी करणं कुणाच्याच हातात नाही. ती कुठून कुठे जावी, एवढंच आपण ठरवू शकतो. मग हेही लक्षात आलं की दाबल्यामुळे तापलेली हवा गार करायला याच टर्बोच्या दुसऱ्या बाजूला इंटरकूलर लावलेला असतो. एकाच यंत्राची एक बाजू गरम राखायची, दुसरी गार करायची. हे मला फार सुंदर वाटलं, अजूनही वाटतं.

सगळ्या मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळून टाकावी, असं मग माझ्या मनात आलं. तशी पट्टी मिळते. काचतंतूंची असते, तशीच बेसाल्ट दगड वितळवून काढलेल्या तंतूंचीही असते. आमच्या सह्याद्रीचाच दगड, म्हणून ती दुसरी मला जास्त जवळची वाटली. पण मोठ्या काकांनी हा बेत हाणून पाडला. त्यांचं आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत गेलेलं. "मॅनिफोल्ड कशाचा आहे? बिडाचाच ना? मग त्याला उसंत पाहिजे," ते म्हणाले. उघडा मॅनिफोल्ड आपली थोडी उष्णता वाऱ्याला देत असतो. पट्टी घट्ट गुंडाळली की ती वाट बंद होते, आणि धातूचं तापमान वायूच्या तापमानाकडे चढत जातं. साधं राखाडी बीड असं वारंवार तापलं तर कायमचं फुगतं. तापणं-निवणं सतत चालू राहिलं की तडे जातात, आणि बहुधा दोन नळ्या मिळतात त्या कोपऱ्यातच जातात. म्हणून मॅनिफोल्डसाठी सिलिकॉन-मॉलिब्डेनम घातलेलं एसजी आयर्न नावाचं खास बीड ओततात, ते जास्त तग धरतं. पण त्यालाही मर्यादा आहेच. शिवाय पट्टीत पावसाचं पाणी मुरलं की गंज धरतो, पातळ पोलादी नळ्यांना तर हमखास. बॉनेटखालच्या गारव्याची किंमत झाकलेला धातू मोजतो, हे काकांनी सांगितलं नसतं तर मला कुणी सांगितलं असतं कोण जाणे.

तेव्हा ठरलं ते असं: मॅनिफोल्डला पत्रा, टर्बोला गोधडी.

पत्रा इतका साधा दिसतो की त्याच्यावर विश्वासच बसेना. पण एवढ्या गरम वस्तूतून बरीचशी उष्णता किरणांच्या रूपाने सुटते आणि ती तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते, तापमान अर्थात केल्विनमध्ये मोजायचं. पृष्ठभाग 600 अंश सेल्सिअसवरून 300 वर आणला, तर किरणोत्सर्ग निम्मा होत नाही. पाचव्या हिश्शाहूनही कमी होतो. चकचकीत पत्रा ही किरणं परत फिरवतो. त्याच्या आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बोटभर हवा राहिली पाहिजे, नाहीतर पत्राच तापून दुसरा मॅनिफोल्ड होईल. त्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो आणि बिडाला त्याची उसंतही मिळते. तापमान मोजायच्या इन्फ्रारेड बंदुकीनेही मला चकित केलं. तीच बंदूक काळ्या बिडावर बरोबर आकडा दाखवते आणि चकचकीत पत्र्यावर फारच कमी. कारण पत्रा स्वतः फारशी किरणं सोडत नाही. मिस्त्रींनी पत्र्याच्या कोपऱ्यावर उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका दिला आणि तिथे मोजायला लावलं.

गोधडीत तीन थर होते. आत स्टीलची बारीक जाळी, मध्ये सिरॅमिक तंतूंची लोकर, वर बेसाल्टचं कापड; कडेला हुक आणि ते ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. ती घालायची फक्त टर्बाइनच्या हाउसिंगवर. मधल्या बेअरिंगच्या भागावर अजिबात नाही, कारण तिथल्या तेलाला आपली उष्णता बाहेर टाकायची असते. हवेच्या बाजूच्या घरावरही नाही. जादा वायूला वाट देणाऱ्या वेस्टगेटचा दांडा मोकळा हलला पाहिजे. हे चारदा बजावून झाल्यावरच त्यांनी मला हात लावू दिला, तेही मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. हे तंतू कातडीत शिरले तर खाजतात आणि श्वासाबरोबर आत गेलेले त्याहून वाईट. पहिल्यांदा गाडी तापली तेव्हा गोधडीतून धूर निघाला आणि माझ्या पोटात गोळा आला. तो कापडातल्या खळीचा धूर असतो, थोड्या वेळात थांबतो. तसा तो थांबला.

आंबा घाटात आता वास येत नाही. नव्या वायरचं आवरण मऊ आहे. टर्बो लवकर उठतो असं म्हणतात, पण माझ्या पायाला तसा फरक जाणवलेला नाही. मला तरी वायरी वाचल्या हेच मोठं वाटतं. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर तसंच चालू ठेवते. कारण गोधडीमुळे हाउसिंग आता जास्त वेळ गरम राहतं आणि थांबलेलं तेल दांड्यापाशी जळून कार्बन धरू शकतं.

भीती आहे ती तेलाचीच. इंधनाची नळी फुटली तर तेल जिथे उडेल, तो 220 अंशांहून जास्त तापणारा जहाजावरचा पृष्ठभाग नीट झाकलेला हवा, असा सोलास या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. तिथे आच्छादन आगीपासून वाचवतं. पण तेच आच्छादन तेल प्यायलं तर पेट घेतं. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला मी बॉनेट उघडून आधी गोधडीची खालची कड बघते, मग ऑइल लाइनचे जोड. "डाग दिसला की गाडी जाग्यावर. फोन करा, मी येतो," असं मिस्त्रींनी सांगून ठेवलंय.